टाचा गार करणे आणि जोडे झिजवणे

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीची गोष्ट. जून संपत आला होता, तरी पावसाचा पत्ता नव्हता. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा होता आणि त्यासाठी अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मी तामलवाडीहून एस.टी.ने निघाले होते. सकाळी साडेदहाला आम्ही एका कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो ते दुपारी अडीचपर्यंत. "साहेब मीटिंगला आहेत", "साहेब जेवायला गेलेत", "आता सर्व्हर बंद आहे" अशी तीन उत्तरे तीन वेळा मिळाली. चौथ्या वेळी "उद्या या" असे उत्तर मिळाले आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या इंग्रजीच्या सरांनी गैरहजेरीचे कारण विचारले. मी ते सांगितले. सर हसून म्हणाले, "सो यू वेअर कूलिंग युवर हील्स!" हा वाक्प्रचार मला ठाऊक नव्हता. मी शब्दाला शब्द लावून अर्थ केला आणि म्हणाले, "नाही सर, टाचा गार कुठल्या? डांबरावरून चालून चांगल्या भाजल्या होत्या."

वर्ग खो खो हसला. मी लाजून खाली बसले. पण सर म्हणाले, "हसू नका रे. हिने जो अर्थ केला तोच या वाक्प्रचाराचा पहिला अर्थ आहे. तो बदलला कसा, ते हिनेच शोधून काढावे आणि वार्षिक अंकाला लिहून द्यावे." प्रस्तुत लेखाचा जन्म असा झाला. वर्गमित्रांच्या त्या हसण्याचे हे सव्याज उत्तर आहे असे समजावे!

प्रथम अर्थ पाहू. 'टु कूल वन्स हील्स' म्हणजे शब्दशः 'आपल्या टाचा गार करणे'. रूढ अर्थ मात्र असा, की दुसऱ्या कोणी थांबवून ठेवल्यामुळे नाइलाजाने ताटकळत बसणे. येथे 'दुसऱ्या कोणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेतकरी पावसाची वाट पाहतो, तेव्हा तो टाचा गार करीत नाही. मुंबईला गेलेल्या लेकाची वाट पाहणारी आईही टाचा गार करीत नाही. या वाक्प्रचाराला तीन गोष्टी लागतात. एक गरजवंत, दुसरा त्याचे काम ज्याच्या हाती आहे असा मोठा माणूस आणि तिसरे म्हणजे त्या दोघांच्या मधले बंद दार. यांतले एक जरी नसले, तरी तो वाक्प्रचार वापरता येत नाही. वेळ गेला यापेक्षा मान गेला, ही खंत त्यात जास्त आहे.

आता हा अर्थ आला कोठून? काही वाक्प्रचारांच्या मुळाशी राजेरजवाड्यांच्या सुरस कथा असतात. येथे तसे काही नाही. मूळ कल्पना अगदी साधी आहे. चालणाऱ्याचे पाय तापतात आणि थांबले की गार होतात. ही गोष्ट पुस्तकात शोधण्यापूर्वी मी आमच्या गावातच पाहिली होती. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. कोजागिरी पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांचा लोंढा याच रस्त्याने जातो. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पुष्कळ जण अनवाणी असतात. रात्रभर रस्ता वाहत असतो. गावातले लोक चहा, पाणी, फराळ घेऊन रस्त्याकडेला उभे असतात. कोणी पाय चेपून देतात. गेल्या कोजागिरीला एक म्हातारी आमच्या ओट्यावर टेकली. तिने तांब्याभर पाणी मागितले. मला वाटले, पिण्यासाठी हवे असेल. तिने दोन घोट घेतले आणि उरलेले पाणी भेगाळलेल्या टाचांवर ओतले. "पाय गार झालं, आता जाईन मी आईपातुर," असे म्हणून ती उठून चालू लागली. सरांचा तो पहिला अर्थ मला त्या क्षणी समजला. टाचा गार करणे ही मुळात सुखाची गोष्ट होती! तिथे कोणी कोणाला अडवलेले नव्हते. स्वतःच्या इच्छेने थांबायचे, पाय निवले की स्वतःच्याच इच्छेने निघायचे.

इंग्रजीतही आरंभ असाच दिसतो. जॉर्ज चॅपमन या कवीने होमरच्या 'इलियड' या महाकाव्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १६११ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. त्यात सैनिक रांगेने खाली बसले आहेत आणि त्यांचे घोडे खूर गार करीत आहेत, असे वर्णन येते. हीसुद्धा विश्रांतीच आहे. पण त्याच सतराव्या शतकात घोड्यांचे खूर मागे पडून माणसांच्या टाचा पुढे आल्या आणि शब्दांना उपरोधाची धार चढली. एखाद्याला बाहेरच्या खोलीत तासन्‌तास बसवून ठेवले, की तो चिडून म्हणे, "काही नाही, टाचा गार करतो आहे." म्हणजे मी काय येथे विसावा घ्यायला आलो होतो काय! सुखाचा शब्द दुःखाला लावला, की उपरोध होतो. आपणही सगळे बिघडले, की "छान झाले" म्हणतोच ना? पुढे अठराव्या शतकात याच्या जोडीला 'टाचा आपटीत बसणे' असाही एक वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाला. गार झालेल्या टाचांचा धीर सुटला, की त्या आपटू लागणारच.

या उपरोधाला पोषक अशी एक जागा त्या काळी इंग्लंडातल्या मोठ्या घरांतून असे. ती म्हणजे दिवाणखान्याच्या बाहेरची खोली. लेखक, कारागीर, नोकरीचे उमेदवार तेथे बसून राहत आणि आतून बोलावणे आले तर आत जात. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे साक्षात इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन. आपल्या नियोजित कोशाचा आराखडा त्यांनी १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाला उद्देशून प्रसिद्ध केला. आश्रय मिळेल अशी आशा होती. पदरात पडले ते बाहेरच्या खोलीतले बसणे. पुढे कोश एकट्याने पुरा होत आला, तेव्हा चेस्टरफील्डने नियतकालिकात दोन स्तुतिपर लेख लिहिले. जॉन्सननी ७ फेब्रुवारी १७५५ रोजी त्याला पत्र पाठवले. तुमच्या बाहेरच्या खोल्यांत मी थांबलो आणि तुमच्या दारातून मला परतवले गेले, त्याला आता सात वर्षे झाली. आता मला तुमच्या मदतीची गरज उरलेली नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. इंग्रजी साहित्यात स्वाभिमानाचे पत्र म्हणून ते गाजले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोश प्रसिद्ध झाला. ई. एम. वॉर्ड या चित्रकाराने १८४५ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, या बाहेरच्या खोलीचे चित्र काढले. टाचा गार करणाऱ्याची आठवण राहिली आणि ज्याने त्या करायला लावल्या, तो आज बहुतेकांना त्या पत्रामुळेच माहीत आहे!

वाचकांना वाटेल, की टाचा गार करण्याचे नशीब इंग्रजाच्या दारात इतरांच्याच वाट्याला येत असे. तसे नाही. आपल्या महाराष्ट्रात एका इंग्रजावरही ही वेळ आली होती आणि तीही भवानीमातेमुळे! १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील मुंबईहून रायगडाकडे निघाला. शिवाजी महाराजांशी तह करावयाचा होता. तो पायथ्याच्या पाचाड गावी पोहोचला, तेव्हा कळले, की राज्याभिषेकापूर्वी महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले आहेत. तुळजापूर तेव्हा परमुलखात होते आणि महाराजांनी प्रतापगडावरच देवीची स्थापना केलेली होती. ऑक्झिंडेनला पाचाडात काही दिवस मुक्काम करावा लागला. मग गडावर बोलावणे आले, ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला आणि त्याने लिहून ठेवलेला वृत्तान्त आज आपल्या इतिहासाचे एक साधन झाला आहे. येथे कोणी त्याचा अपमान केला नव्हता. तरीसुद्धा कोणी कोणासाठी थांबावयाचे, यावरून सत्ता कोठे आहे ते कळते, हे त्या मुक्कामावरून दिसतेच.

असो. आता आपल्या मराठीकडे वळू. मराठीत थांबण्याची चित्रे किती आहेत, ते मी मोजू लागले आणि मौज वाटली. पहिले चित्र 'वाट पाहणे'. हा शब्द आपण इतका वापरतो, की त्यातली वाट आपल्याला दिसेनाशी झाली आहे. वस्तुतः वाट पाहणे म्हणजे रस्त्याकडे पाहणे. आमच्या फाट्यावर एस.टी.साठी उभे असलेले सगळे लोक एकाच दिशेला माना वळवून रस्त्याकडे पाहत असतात. व्याकरणाच्या पुस्तकाला याहून चांगले चित्र मिळणार नाही! गुजरातीत वाट जोतात, हिंदीत राह देखतात आणि सोलापूरच्या बाजारात ऐकू येणाऱ्या कन्नडमध्येही 'दारि नोडु' म्हणजे वाट पाहा. इंग्रजीतल्या 'वेट' या शब्दाचे मूळसुद्धा डोळ्यांशीच निगडित आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ पहारा ठेवणे, टपून पाहणे असा होता. 'वॉच' आणि 'वेक' हे शब्द त्याच्याच गोतातले. फरक इतकाच, की त्यांचा थांबणारा पहारेकरी होता आणि आपला थांबणारा घरच्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता.

दुसरे चित्र 'तिष्ठणे'. हे संस्कृत 'स्था' धातूवरून आले; तिष्ठति म्हणजे तो उभा राहतो. म्हणजे मराठीत तिष्ठणारा माणूस मुळात उभा आहे. आपण मात्र सर्रास 'तिष्ठत बसलो' असे म्हणतो. शब्द फोडून पाहिला तर 'उभा राहत बसलो' असे होईल! 'टाचा गार करणे' याला मराठीत सर्वांत जवळचा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन. कारण 'तिष्ठत ठेवणे' म्हटले, की ठेवणारा कोणी तरी बडा माणूस आलाच.

परंतु कचेरीच्या कामाला मराठी माणूस जे शब्द वापरतो ते याहून वेगळे आहेत. खेटे घालणे, हेलपाटे मारणे, उंबरठे झिजवणे, जोडे झिजवणे. यांत बसणे नाही आणि उभे राहणेही नाही. केवळ येणे आणि जाणे आहे. इंग्रजाच्या टाचा एका जागी गार होतात आणि आपले जोडे रस्त्यावर झिजतात. काम तेच, दार तेच, मग चित्र उलटे का?

याचे उत्तर मला अण्णांकडून मिळाले. त्या दाखल्यासाठी आम्हांला एकूण पाच वेळा जावे लागले. दाखला हाती आला, तेव्हा अर्जाची मुदत संपून दोन दिवस झाले होते. त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. फी भरण्यासाठी आईने वाढवलेली शेळी विकावी लागली. घरी कोणी विचारले, की अण्णा एवढेच सांगत, "पाच खेटं झालं." किती तास गेले ते त्यांनी एकदाही सांगितले नाही. एके दिवशी मी रागाने म्हणाले, "अण्णा, आपण तिथेच का नाही बसून राहिलो? दाखला देत नाहीत तोवर हलायचंच नाही, असं म्हणायचं होतं."

अण्णा म्हणाले, "बाई, बसाय येळ कुनाला हाय? रानात पानी द्यायचं हुतं. लाईट रातची यायची."

हे ऐकले आणि कोडे सुटले. बसून टाचा गार करायलाही सवड लागते. जॉन्सन गरीब होते, पण त्यांचे काम कागदावरचे होते आणि बाहेरच्या खोलीत बसायला खुर्ची होती. शेतकऱ्याला बसता येत नाही. त्याची गुरे, त्याचे पाणी, त्याचा रोजगार त्याला घरी ओढतो. म्हणून तो जातो, नकार घेतो, परत येतो आणि पुन्हा जातो. त्याचे थांबणे तासांत मोजता येत नाही, ते खेट्यांतच मोजावे लागते. आपल्या भाषेने ते बरोबर मोजले आहे. आणि त्या खेट्यांच्या भोवती जे शब्द येतात, अर्ज, तारीख, मुदत, दफ्तर, तगादा, ते सगळे फारसी-अरबीतून आपल्याकडे आलेले आहेत. राज्ये बदलली, आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. अर्ज आणि तारीख हे शब्द मात्र होते तेथेच आहेत.

मग आपल्याकडे कोणी दारात बसतच नव्हते काय? बसत होते, पण त्या बसण्याचा अर्थ अगदीच निराळा होता. ते म्हणजे 'धरणे'. देणेकरी पैसे देईना, की सावकार किंवा त्याने पाठवलेला माणूस त्याच्या दारात येऊन बसे आणि अन्न वर्ज्य करी. तो उपाशी असेतो घरातल्या माणसालाही जेवता येत नसे. दारात कोणी उपाशी मेला तर त्याचे पाप घरधन्याच्या माथी, अशी समजूत होती. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याची तेथील पत्रे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत या धरण्याचे वर्णन आहे. इंग्रजांना या प्रकाराचा इतका धसका होता, की १८६० च्या भारतीय दंड संहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास लावण्याच्या गुन्ह्याला जे ५०८ वे कलम होते, त्याखाली पहिले उदाहरण धरण्याचेच दिलेले होते. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशातही हा शब्द जाऊन बसला. आज मुंबईच्या आझाद मैदानावर किंवा जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जे धरणे धरतात, ते याच कुळातले. त्यात पापाची भीती राहिली नाही, पण 'मी हलणार नाही' हा निर्धार तोच आहे.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. टाचा गार करणारा बसतो, कारण त्याला बसवून ठेवले आहे. धरणे धरणारा बसतो, कारण त्याने बसायचे ठरवले आहे. पहिल्याचा वेळ आतल्या माणसाच्या हातात आहे. दुसऱ्याने आतल्या माणसाचाच वेळ आपल्या हातात घेतला आहे. बाहेरून पाहिले तर दोघेही दारात बसलेले दिसतील. फरक दाराच्या आत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसेल!

म्हणून माझ्या भाषांतर करणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक नम्र सूचना. 'टु कूल वन्स हील्स' समोर आले, की 'टाचा थंड करणे' असे लिहून मोकळे होऊ नये; माझ्यासारखी फजिती होईल. सरसकट 'वाट पाहणे' असेही लिहू नये, कारण त्यात जिव्हाळा आहे आणि येथे तो नाही. बाहेर बसवून ठेवले असेल तर 'तिष्ठत ठेवले' म्हणावे. पुन्हा पुन्हा परत पाठवले असेल तर तेथे इंग्रजी वाक्प्रचार बसत नाही. तेथे आपले जोडे झिजवणेच खरे. कोण थांबला आहे आणि कोणी थांबवले आहे, हे दोन प्रश्न विचारले, की शब्द आपोआप सापडतो.

शेवटी एक गोष्ट सांगून लेख पुरा करते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे आणि ती मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. मला हे दाखल्याच्या वेळी ठाऊक नव्हते, अण्णांनाही नव्हते. आता ठाऊक आहे आणि या वर्षीचा अर्ज करताना त्याची पोच घेऊन मी ती जपून ठेवली आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी कारकून, कोणी तहसीलदार. तेव्हा हा वाक्प्रचार परीक्षेपुरता पाठ करून विसरू नका. दुपारी जेवायला उठाल, तेव्हा दाराबाहेर एकदा पाहा. तेथे एखादे अण्णा उभे असतील. त्यांचे रान घरी पाण्याची वाट पाहत असेल.